मालजाची बोटं आणि योंजूची पाठ

दादेपोच्या किनाऱ्यावरच्या छत्र्या ऑगस्टअखेर मिटल्या की मालजाचा हंगाम सुरू व्हायचा. दोन महिने उन्हात भाजून निघालेल्या बायका सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकेक करून सार्वजनिक न्हाणीघराच्या पायऱ्या चढायच्या, कपडे कपाटात कोंबायच्या आणि कपाटाची किल्ली मालजाच्या बाकाशेजारच्या खुंटीला अडकवून नंबर लावायच्या. पाठीवर पोहण्याच्या कपड्याच्या पट्ट्यांची पांढरी फुली, नाकाचा शेंडा सोललेला, खांदे बीटासारखे लाल. तोंडाने मात्र सगळ्यांचं एकच पालुपद: "मावशी, अगदी थोडंसं लागलंय हो ऊन."

"थोडंसं?" मालजा म्हणायची. "आमंत्रण देऊन बोलावलेलं दिसतंय तू त्याला. चल, पालथी झोप."

मालजा एकसष्ट वर्षांची होती. तिच्या नावाचा अर्थ 'शेवटची'. तीन मुलींवर चौथी झाली तेव्हा बापाने वरच्याला दिलेली ती सूचना होती. वरच्याने ती मनावर घेतली नाही, पाचवीही मुलगीच झाली. तेव्हापासून मालजाला दोन गोष्टी कळल्या होत्या असं ती सांगायची. एक म्हणजे सूचना देऊन काही होत नाही, आणि दुसरी, आपल्या वाटेचं काम कुणी आपल्यासाठी करत नाही. सव्वीस वर्षं ती या न्हाणीघरात काळ्या आतल्या कपड्यांवर, अनवाणी, गुलाबी रेक्झिनच्या बाकापाशी उभी राहून बायकांची अंगं घासत होती.

बाई आधी गरम पाण्याच्या हौदात बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडेपर्यंत बसणार. मग बाकावर आडवी होणार. मालजा तिच्यावर तसराळंभर पाणी ओतणार, उजव्या हातात खरखरीत हिरवा मोजा चढवणार आणि मानेपासून सुरुवात करणार. कुशीवर थाप पडली की बाईने वळायचं, बोलायचं नाही. मळ शेवयांसारखा वळून निघतो. आपल्या अंगाचा एवढा मळ निघाला हे पाहून बायकांना जो अभिमान वाटतो, तो पोराच्या परीक्षेच्या निकालानेही वाटत नाही. शेजारच्या बाकावरची बाई तर हमखास डोकं उचलून बघते, आपल्यापेक्षा तिचा जास्त निघाला की काय.

पण उन्हाने भाजलेल्या अंगाला मालजा मोजा लावू द्यायची नाही. तिथे तिचा कायदा चालायचा. पहिल्या आठवड्यात फक्त काकडी. किसायची, पातळ कापडावर पसरायची, पाठभर घालायची, वरून थंड दूध थेंबथेंब सोडायचं. दुसऱ्या आठवड्यात किसलेला कच्चा बटाटा. जुनी कातडी आपण होऊन सुटली की तिसऱ्या आठवड्यात मोज्यावर मऊ पंचा गुंडाळून हलका हात. या घाईच्या शहरात तीन आठवडे थांबायला कोण तयार असतं? तरी मालजाकडे थांबायच्या. कारण घाई करणाऱ्यांच्या पाठी सगळ्यांनी पाहिल्या होत्या. डाग पडतात ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाहीत.

या कामातली खरी गोम अशी की उन्हाने सुटत आलेली कातडीही मोज्याखाली मळासारखीच वळते. रंग तोच, शेवयाही तशाच. डोळे फसतात. बोटं फसत नाहीत. मळ घसरतो, कातडी धरते. हे जिला मोज्याच्या आतून कळतं तिलाच बाक मिळतो, आणि मालजाच्या बोटांसारखी बोटं अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती.

ती बोटं गेल्या हिवाळ्यात मेली.

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. डॉक्टरने मनगटावर टकटक करून सांगितलं, शीर दबलीय, छोटं ऑपरेशन आहे, नंतर तीन महिने विश्रांती, आणि हे असलं काम तर पुन्हा नकोच. मालजाने मान डोलावली, बाहेर येऊन बसथांब्यावर बसली, दोन बस सोडल्या आणि तिसरीत चढून कामावर गेली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

बाक गेला तर घरी बसावं लागलं असतं. मालजाला एवढीच एक भीती होती. घरात दोन खोल्या होत्या, त्यातली एक बोमसूची. बोमसू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी वसंतात सामान पोचवायला मोटरसायकलवर गेला आणि वळणावर ट्रकखाली आला. चौतीस वर्षांचा होता. तीन दिवसांच्या दुखवट्यात मालजा रडली नाही. आलेल्यांना वाफाळता रस्सा वाढत राहिली, चौथ्या दिवशी बाकापाशी उभी राहिली. लोक म्हणाले, दगडाच्या काळजाची आहे. लोकांना म्हणायला काय जातं! तिला स्वतःलाच कळत नव्हतं की रडू कुठे अडकलंय. ती वाट बघत राहिली, आणि मग वाट बघणंही विसरली. पहाटे निघायचं, संध्याकाळी परतायचं, जेवून झोपायचं. बोमसूच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. दिवसभर त्या दारासमोर बसायची वेळ येऊ नये, इतकंच तिचं मागणं.

तेव्हा ती बोटांचं काम डोळ्यांकडून करून घेऊ लागली. दर चार हातांमागे पाणी मारून रंग बघायची. बाईला बोलतं ठेवायची, म्हणजे दुखलं तर आवाजात कळेल. तरी जुलैत एका गिऱ्हाइकाचं कोपर खरचटलं. न्हाणीघराच्या मालकिणीने तिला गल्ल्यापाशी बोलावलं.

"मालजाताई, खरं सांगा. हात ठीक आहेत ना?"

"हाताला काय धाड भरलीय?"

"मी तुमच्या तोंडावर बोलतेय, राग मानू नका. पुन्हा असं झालं तर बाक दुसरीला द्यावा लागेल. दोघी जणी वाट बघून आहेत."

"बघू दे की. वाट बघायला काही लागत नाही," मालजा म्हणाली आणि कामाला लागली.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी खुंटीवर एकतीस नंबरची किल्ली लागली. मालजाने वर न बघता विचारलं, "घासायचं की काकडी?"

"तुम्ही म्हणाल ते, आई."

योंजू होती. बोमसूची बायको. सहा वर्षं दर महिन्याला दोघी या न्हाणीघरात एकत्र यायच्या, सासूने सुनेची पाठ घासायची, सुनेने सासूसाठी बाहेरून उकडलेली अंडी आणि थंडगार गोड भाताचं पेय आणायचं. बोमसू गेल्यावर वर्षभर ती येत राहिली, मग कमी झाली, मग सणाला फोन, मग तोही नाही. आता ती समोर उभी होती आणि तिची पाठ बघवत नव्हती. दोन्ही खांदे सोलून निघालेले, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली तळहाताएवढा काळपट लाल चट्टा.

"किनाऱ्यावर छत्र्या भाड्याने देत होते," योंजू म्हणाली. "दोन महिने."

"एकाही छत्रीखाली स्वतः बसली नाहीस का?"

योंजू हसली नाही. "आई, तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. मी लग्न करतेय. छत्र्यांचा धंदा त्याचाच आहे. या महिन्याच्या चौथ्या शनिवारी."

शेजारच्या बाकावर ओक्सिम होती. वयाने दहा वर्षांनी लहान, मालजाला ताई म्हणायची, आणि कान असे की हौदाच्या पलीकडचं कुजबुजलेलंही ऐकू यावं. तिचा मोजा गिऱ्हाइकाच्या मांडीवर जागच्या जागी थांबला. मालजाने स्वतःच्या आत बघितलं. राग येईल असं वाटलं होतं. निदान छातीत काहीतरी हलेल. काही नव्हतं. पाटी कोरी होती.

"पोशाख उघड्या खांद्यांचा आहे?" तिने विचारलं.

"हो."

"मग तीन मंगळवार यावं लागेल. पालथी झोप."

मालजाने काकडी किसली. डाव्या हाताने किसली, कारण उजव्या हातातून काकडी हल्ली निसटायची. पाठीवर गार कापड पडलं तशी योंजूच्या तोंडून हुश्श निघालं, आणि थोड्या वेळाने तिचा श्वास लांब झाला. झोपली होती. मालजा थेंबथेंब दूध सोडत राहिली. न्हाणीघरात बातमी मात्र तोवर तीनदा फिरून आली होती. ओक्सिमने दुपारी भातावर किमची घेता घेता विचारलंच, "ताई, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

"जेव," मालजा म्हणाली.

दुसऱ्या मंगळवारी बटाटा झाला. खांदे बरेच निवले होते, सोललेल्या कातडीचे कपटे आपण होऊन गळून खालून गुलाबी, मऊ अंग वर येत होतं. योंजू थोडं बोलली. होणाऱ्या सासूबाई कडक आहेत म्हणाली, लग्नाच्या फोटोत पाठ काळी दिसायला नको असं त्यांचं म्हणणं. मालजा म्हणाली, "सासवांचं फोटोत काय जातं! पाणी पीत जा. आणि तो चट्टा कपड्याला घासू देऊ नकोस, तो भरायचा मागे राहिलाय."

तिसरा मंगळवार नेमका छुसोकच्या, सुगीच्या सणाआधीचा. सणाला अंग घासून गावी जायचं म्हणून अर्धं दादेपो न्हाणीघरात लोटलं होतं. खुंटीवर अकरा किल्ल्या. हौद भरलेले, पोरींचा कालवा, आणि वाफ इतकी की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेना. मालजाने मोज्यावर पंचा गुंडाळला आणि योंजूच्या मानेपासून हलका हात फिरवायला घेतला. खांदे छान झाले होते. हात खाली आला. पंचा ओला होऊन कधी सरकला ते तिला कळलं नाही. कळायला बोटं लागतात. मोजा उघडा पडला.

योंजू पालथ्या तोंडानेच म्हणाली, "आई, एक विचारू? तुम्ही लग्नाला याल का?"

जाऊन कुठल्या खुर्चीत बसायचं? नवऱ्या मुलीची कोण म्हणून? मालजा विचार करत राहिली आणि हात चालत राहिला, त्याच जागी, वरखाली, वरखाली. मोज्याखालून शेवया निघत होत्या. वाफेत त्या दिसत होत्या तेवढ्या मळासारख्याच दिसत होत्या. योंजू गप्प होती. मालजाला वाटलं, उत्तराची वाट बघतेय.

"ताई!" ओक्सिम ओरडली. "ताई, थांबा! रक्त!"

मालजाने पाणी मारलं. बाकावरून गुलाबी पाणी ओघळलं. फऱ्याखालचा चट्टा, तळहाताएवढा, उघडा पडला होता. नवीन कातडी यायच्या आत जुनी ओढून काढली होती. योंजूने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

पोरींचा कालवा थांबला. मग रांगेतल्या एका बाईने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात, म्हटलं, "मुलाच्या जागी दुसरा आणतेय ना. निघाला शेवटी राग."

मालकीण चपला फटफटवत आत आली. तिने पाठ बघितली, मालजाकडे बघितलं. "हे काय झालं?"

योंजू उठून बसली. आवाज सरळ होता. "त्यांचं काही नाही. मीच म्हटलं जोरात घासा. शनिवारी लग्न आहे म्हणून. त्या नकोच म्हणत होत्या."

मालकिणीने सुस्कारा सोडला. गिऱ्हाईक स्वतःच असं म्हणतंय म्हटल्यावर तिचंही काम सोपं झालं होतं. "मग तुमची मर्जी. मलम आणते," असं म्हणून ती वळली.

झालं होतं. मालजाने फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. बाक राहिला असता, पहाटे उठून निघायला जागा राहिली असती, ते दार लोटलेलं राहिलं असतं. तिने पंचा भिजवून योंजूच्या पाठीवर ठेवला आणि कानाशी वाकून विचारलं, "ओरडली का नाहीस?"

योंजूने मान खाली घातली. "मला वाटलं, तुमचा हक्क आहे तो."

एवढंच म्हणाली. म्हणजे पहिल्या हातापासून तिला दुखत होतं, आणि पहिल्या हातापासून ती धरून चालली होती की आई मुद्दाम करतेय. दोन मंगळवार मिळालेली काकडी आणि बटाटा एकीकडे, आणि हे एकीकडे. हे असं पाठीवर घेऊन पोर शनिवारी बोहल्यावर चढणार होती, आणि सगळा जन्म कुणाला सांगणार नव्हती.

"थांबा," मालजा मालकिणीला म्हणाली.

तिने मोजा काढला. ओला होता, निघेना, दातांनी ओढून काढला. उजवा हात योंजूपुढे धरला. "चिमटा काढ."

"आई, काय करताय?"

"अंगठ्याला काढ. नख रुतव."

योंजूने घाबरत चिमटा काढला.

"जोरात. मी घासलं तितक्या जोरात."

योंजूने नख रुतवलं. नखाखाली पांढरी खूण उमटली, मग लाल झाली. मालजाचा चेहरा हलला नाही. "आता हे बोट. आता हे. बघ माझ्या तोंडाकडे. मला काहीच कळत नाही. गेल्या हिवाळ्यापासून तिन्ही मेलीयत. जुलैत मी यांच्याशी खोटं बोलले," तिने हनुवटीने मालकिणीकडे दाखवलं. "आज तुझी पाठ सोलली ती या बोटांनी. मी नाही. मला कळलंच नाही, पोरी."

ओक्सिमच्या बाकावरची बाई अंगावर साबण तसाच घेऊन उठून बसली होती.

"मग तुम्हाला माझा राग नाही?" योंजूने विचारलं. तिच्या डोळ्यांतून आता पाणी वाहायला लागलं होतं.

मालजाने खरं काय ते सांगायचं ठरवलं, कारण आता लपवायला काही शिल्लकच नव्हतं. "राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तू लग्नाचं सांगितलंस तेव्हा मी शोधला. नाही सापडला. आनंदही नाही सापडला. बोमसू गेल्यापासून मला काहीच होत नाही. बोटांची पाळी आत्ता आली, इतकंच."

मलम मालकिणीने लावलं. मालजाला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. खुंटीवरच्या उरलेल्या किल्ल्या ओक्सिमने एकेक करून आपल्या बाजूला घेतल्या. तिचा चेहरा असा होता की जणू चोरी करतेय. "ताई, मी मुद्दाम नाही हो ओरडले," ती दोनदा म्हणाली. संध्याकाळी मालकिणीने गल्ल्यापाशी बसवून बार्लीचा चहा दिला आणि जे सांगायचं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. मालजाने मोजा, पंचा आणि तसराळं पिशवीत भरलं. सव्वीस वर्षांत न्हाणीघरातून घरी न्यायला तीन वस्तू निघाल्या.

दुसऱ्या दिवशी ती सवयीने पहाटेच उठली, तोंड धुतलं, जोडे घातले आणि दारात उभी राहून जोडे काढले. बुधवार गेला. गुरुवार गेला. शुक्रवारी तिने बोमसूच्या खोलीचं दार ढकललं, कारण दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसणं अवघड होऊ लागलं होतं. आत धूळ होती. गादीची घडी, भिंतीला टेकवलेलं हेल्मेट, त्या दिवशी घातलेलं नव्हे, दुसरं, जुनं. तिला वाटलं होतं, आपण इथे आलो की कोसळू. कोसळली नाही. खिडकी उघडली, जमीन पुसली, भूक लागली म्हणून तिथेच बसून भात खाल्ला.

शनिवारी ती लग्नाला गेली नाही. टीव्ही लावून मटाराच्या शेंगा सोलत बसली. अंगठ्याला शेंग कळत नव्हती, पण डाव्या हाताने जमत होतं. अकरा वाजले, बारा वाजले. तिच्या लेखी तो इतर शनिवारांसारखाच गेला. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"आई, मी. पोशाखावर पातळ ओढणीसारखं घेतलं. फोटोत काही दिसत नाहीये."

"बरं झालं."

"पण पाठ फार खाजतेय हो. सहन होत नाही. काल रात्रीपासून."

"खाजू दे," मालजा म्हणाली. "भरतंय ते. नख लावशील तर बघ. गार पाण्यात कापड भिजवून नुसतं ठेव. चोळायचं नाही."

"हो." मग तिने विचारलं, "आणि तुमची बोटं?"

"ती नाही खाजत."

"ऑपरेशन कधी करताय?"

मालजा म्हणणार होती की तुला काय करायचंय, तू आता दुसऱ्या घरची. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन दिवसांपूर्वी फोन करून घेतलेली दवाखान्याची तारीख लिहिलेली होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

"पुढच्या सोमवारी," ती म्हणाली. "सकाळी आठ वाजता. उपाशीपोटी बोलावलंय."

"मी येते."

"उपाशी मला राहायचंय," मालजा म्हणाली. "तू खाऊन ये."